कुठल्या खोलीला कुठला कलर? आधी उजेड कुठून येतो ते सांगा

प्रश्न असा आहे: कल्याणला रिसेलचा २ बीएचके, विंगच्या टोकाचा, पाचवा मजला. हॉल आणि बाल्कनी पश्चिमेला, मोठी बेडरूम उत्तरेला, मुलांची खोली पूर्वेला, किचनची खिडकी डक्टमध्ये. फरशी आयव्हरी व्हिट्रिफाईड. आधीच्या मालकाने टीव्हीमागची भिंत गडद जांभळी करून ठेवलीय. बायकोला सगळीकडे ग्रे पाहिजे, आईंना पिस्ता पाहिजे, आणि पेंटर मागे लागलाय की दिवाळीच्या आत करून देतो, फक्त शेड नंबर लवकर सांगा.

मी ठाणे-कल्याण पट्ट्यात पेंटिंगची कामं घेतो, वडीलही हेच करायचे, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत पण विचारला जातो. आणि दरवेळी माझं उत्तर लोकांना आवडत नाही, कारण त्यांना पाहिजे असतं "हॉलला हा, बेडरूमला तो" असं रेडिमेड काहीतरी. हॉल, बेडरूम ही आपण दिलेली नावं झाली, भिंतीला त्याचं काही देणंघेणं नाही. भिंतीला कळतं ते दोनच, उजेड कुठून आणि कसला येतोय आणि शेजारी काय आहे, म्हणजे फरशी, कपाटांचं लॅमिनेट, पडदा, सोफा. तुमचं नशीब चांगलं की तुम्ही दिशा आणि फरशी दोन्ही लिहिलंत, नाहीतर लोक नुसता पिंटरेस्टचा फोटो पाठवतात आणि विचारतात हे आमच्याकडे होईल का. तो फोटो कुठल्यातरी थंड देशातल्या मोठ्या खिडक्यांच्या घराचा, लाकडी फरशी, त्यावर फिल्टर. आपल्याकडे समोरची बिल्डिंग वीस फुटांवर, खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस आणि वाळत घातलेले नॅपकिन. तोच शेड नंबर, तोच डबा, पण घरात भलताच दिसणार.

फरशीपासून सुरू करू, कारण ती तुम्ही बदलणार नाही आहात. आयव्हरी व्हिट्रिफाईड म्हणजे बिल्डरने घरोघरी घातलेली ती दोन बाय दोनची चकचकीत टाइल. दिसायला क्रीम, पण तिच्यात पिवळट, कधी थोडी गुलाबी झाक असते. तिच्याशेजारी निळसर ग्रे लावला की दोन्ही बिघडतात, फरशी मळल्यासारखी दिसते आणि भिंत प्लास्टर करून सोडल्यासारखी. वहिनींना ग्रे हवा त्यात चूक काही नाही, पण ग्रे एक नसतो. एक निळ्याकडे झुकतो, एक हिरव्याकडे, एक जांभळ्याकडे (हा सगळ्यात फसवा, दुकानात कळतच नाही आणि घरी ट्यूबखाली कळतो), आणि एक मातकट, बेजकडे झुकणारा. तुम्हाला तो शेवटचा पाहिजे. ओळखायचा कसा? शेडकार्डाच्या पट्टीवर वरून खाली फिकट ते गडद असे शेड असतात ना, त्यात तुम्हाला आवडलेला फिकट शेड बघू नका, त्याच पट्टीतला सगळ्यात गडद बघा. फिकटात लपलेली झाक गडदात उघडी पडते. आणि कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, दुकानाच्या काउंटरवर नको, काउंटर बहुतेक वेळा लाल नाहीतर निळा असतो.

ऑफव्हाईटचं पण हेच. लोक म्हणतात ऑफव्हाईट मारा, झालं. अहो, ऑफव्हाईटमध्येच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. मोतिया वेगळा, क्रीम वेगळा, गुलाबी झाकीचा वेगळा, राखाडी झाकीचा वेगळा.

आता उजेड.

पश्चिमेचा हॉल. सकाळी तिथे उजेड साधा, थोडा थंडच, आणि दुपारी तीननंतर ऊन आत आलं की सगळं पिवळं-केशरी. म्हणजे पीच, क्रीम, हळदी असले गरम रंग तिथे लावले की संध्याकाळी ते डोक्यावर बसतात, मे महिन्यात तर त्या खोलीत बसवत नाही. खोली गरम झालेली असतेच, ती दिसायला पण गरम कशाला करायची. म्हणून तुमच्या हॉलला तो मातकट ग्रे चालेल, दुपारचं ऊनच त्याला ऊब देतं. फिकट घ्या मात्र. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही म्हणून एक आकडा देतात, भिंतीवर पडलेला उजेड किती परत फिरतो त्याचा, काळ्याकडे शून्य आणि पांढऱ्याकडे शंभर. एकच बाजू उघडी असलेल्या हॉलला मी ६५ च्या खाली सहसा जात नाही. समोरची बिल्डिंग कुठल्या रंगाची आहे तेही बघून ठेवा, तिच्यावर ऊन पडलं की तिचा रंग तुमच्या भिंतीवर येतो. समोर विटकरी बिल्डिंग आणि आत पांढरी भिंत असेल तर संध्याकाळभर भिंत गुलाबी दिसते, आणि मग फोन येतो की पेंटरने चुकीचा डबा आणला.

उत्तरेची बेडरूम. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन येत नाही, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं काय येईल तेवढंच. दिवसभर एकसारखा, निळसर उजेड. चित्रकारांना हवा असतो तो, पण ग्रेला अजिबात मानवत नाही. इथे ग्रे लावलात तर जुलैमध्ये, ढग भरून आले की खोली अशी उदास दिसते की दिवसा लाईट लावावा लागतो. ह्या खोलीला बदामी, मोतिया, किंवा अगदी फिकट अबोलीकडे जाणारा शेड द्या. अबोली म्हटलं की पुरुष मंडळी नाक मुरडतात, पण ड्रेसिंग टेबल ह्याच खोलीत असतं, आणि आरशात चेहरा कसा दिसतो ते आजूबाजूच्या भिंतीवरून आलेल्या उजेडावर असतं. हिरव्या भिंतीत माणूस आजारी दिसतो, अबोलीत दिसत नाही. एवढं सांगितलं की नाक सरळ होतं.

पूर्वेची खोली सगळ्यात सोपी. सकाळी दोन-तीन तास कडक ऊन, नंतर दिवसभर शांत उजेड. फिकट हिरवा इथे छान बसतो, म्हणजे आईंचा पिस्ता इथे जाऊ दे. पिस्ता घेताना एक करा, कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा एक किंवा दोन घर फिकट घ्या. हे सगळ्याच रंगांना लागू आहे पण पिस्ता, लिंबू, पिवळा ह्यांना जास्त. कार्डावर दोन इंचाचा तुकडा असतो, भिंतीवर शंभर फूट, आणि चार भिंती एकमेकींवर आपलाच रंग फेकत बसतात, त्यामुळे रंग चढतो. कार्डावर लाजाळू दिसणारा पिवळा चार भिंतींवर मारला की खोलीत शिरल्यावर डोळे मिटावेसे वाटतात.

हे झालं दिवसाचं. पण खरं सांगा, तुम्ही घरात दिवसा असता किती? सकाळची फास्ट पकडायची, रात्री आठला यायचं. तुम्ही तुमच्या भिंती बघता त्या ट्यूबखाली. म्हणून बल्बचं खोकं बघा, त्यावर केल्विनचा आकडा असतो. आपल्याकडे सर्रास ६५०० वाले पांढरेफेक एलईडी लावतात, त्याखाली क्रीम फिकट पडतो, बदामी मेल्यासारखा होतो आणि फिकट हिरवा थेट दवाखाना. ३००० च्या पिवळ्या उजेडात उलटं, निळा मळतो, पांढरा क्रीम होतो. ४००० चा मधला मिळतो, घरासाठी मला तो बरा वाटतो, आणि रंग बदलण्यापेक्षा बल्ब बदलणं कितीतरी स्वस्त. निदान शेड ठरवताना जो बल्ब पुढे वापरणार आहात तोच लावलेला असू दे.

आणि शेड कार्डावरून, मोबाईलवरून, अॅपमध्ये भिंतीला रंग लावून दाखवतात त्यावरून फायनल करू नका. छोटा सॅम्पल डबा घ्या, नाही मिळाला तर लिटरचा घ्या, मोठा जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या दोन बाय दोनचा, त्यावर प्रायमर मारून दोन कोट द्या, कडेला बोटभर पांढरं सोडा. वाळू द्या पूर्ण, इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळलं की गडद होतं, ओलं बघून "नको हा फारच पांढरा" म्हणणारे खूप. मग तो तुकडा फरशीला टेकवून उभा करा, कपाटाशेजारी ठेवा, पडद्याशेजारी ठेवा, सकाळ-दुपार-रात्र बघा. पेंटर लोक भिंतीवरच तीन-चार पट्टे मारतात, मला ते पटत नाही. तुमच्याकडे तर जांभळी भिंत आहे, तिच्यावर मारलेला कुठलाही पट्टा पिवळट दिसणार, त्यात रंगाचा दोष नाही, आजूबाजूच्या जांभळ्यामुळे डोळा फसतो. शिवाय त्या पट्ट्यांच्या कडा नीट घासल्या नाहीत तर फायनल कोटातून वर दिसतात, आणि संध्याकाळी पश्चिमेचं तिरकं ऊन पडलं की हमखास दिसतात.

पडदे आणि सोफ्याचं कापड घ्यायचं बाकी असेल तर आधी ते घ्या. पडद्याच्या दुकानात मनासारखे पाच-सहा मिळतील, कलरच्या मशीनवर हजारो शेड बनतात. लोक उलटं करतात, भिंत रंगवून मग त्याला मॅचिंग पडदा शोधत उल्हासनगर पालथं घालतात.

जांभळी भिंत. ही २०१० च्या आसपासची साथ होती, एक भिंत जांभळी नाहीतर केशरी आणि बाकी तीन क्रीम. हायलाइटर वॉल म्हणून टीव्हीमागची भिंत गडद ठेवायला माझी हरकत नाही. तुम्हाला ठेवायचीच असेल तर शेवाळी किंवा मातकट निळा करा, मॅटमध्ये, चकचकीत नको, टीव्हीचा आणि खिडकीचा उजेड चमकतो त्यात. काढून फिकट करायची असेल तर पेंटरला स्पष्ट सांगा की आधी घासून प्रायमरचा कोट पाहिजे. थेट ऑफव्हाईट मारत बसला तर चार हात दिले तरी खालून जांभळी सावली येत राहते आणि महागडा कलर फुकट जातो. गडद रंग पुढे कधी घ्याल तेव्हा हेही धरा की त्याचा बेस, म्हणजे मशीनवर ज्यात रंग मिसळतात तो मूळ डबा, वेगळा असतो, बहुतेक वेळा महाग पडतो, आणि लाल-पिवळ्यात झाकण्याची ताकद कमी असल्यामुळे दोनाऐवजी तीन कोट लागतात. गडद लालच्या खाली तर आम्ही ग्रे टिंट केलेला प्रायमर मारतो.

किचनमध्ये रंगावर डोकं फार लावू नका. टाइल्स वरपर्यंत, कपाटं, फ्रिज, चिमणी हे सगळं गेल्यावर उरते कुठे भिंत, वर दोन-तीन फूट. डक्टची खिडकी म्हणजे उजेडही बेताचा, तेव्हा गरम झाकीचा ऑफव्हाईट, विषय संपला. इथे फिनिश महत्त्वाचं. फोडणीचा धूर, तेलाची वाफ, हळदीचा हात, ह्याला मॅट टिकत नाही, सॅटिन किंवा शीनवाला, म्हणजे थोडी चमक असलेला, धुता येणारा इमल्शन घ्या. वास्तूवाले आग्नेयेला लाल-केशरी सांगतात. घरात वडीलधाऱ्यांना त्याचं समाधान हवं असेल तर मी कधी वाद घालत नाही, एखादं शटर किंवा मसाल्याचं शेल्फ केशरी करून देतो, भिंत नाही. देवघर भिंतीवर असेल तर त्यामागे टाइल किंवा लॅमिनेटचा तुकडा लावून घ्या, निरंजन आणि उदबत्तीची काजळी कुठल्याच पेंटवर निघत नाही नीट, पुसायला गेलं की पसरते.

बेडरूममध्ये एक गोष्ट कुठल्याच शोरूमवाल्याने सांगितलेली मी ऐकली नाही. खोबरेल. पलंगाच्या डोक्याकडची भिंत, जिथे टेकून बसून मोबाईल बघतात, तिथे सहा महिन्यांत तेलाचा गोल डाग पडतो. म्हणून गडद करायची तर हीच भिंत करा, धुता येणाऱ्या फिनिशमध्ये, डाग पण खपतो आणि झोपल्यावर ती तुमच्या समोरही नसते. झोपल्यावर समोर असतं सिलिंग आणि पायाकडची भिंत, ते दोन्ही शांत ठेवा.

मुलांच्या खोलीत कार्टूनचे मोठे स्टिकर लावू नका, काढताना पुट्टीसकट पापुद्रा येतो. भिंत साधी ठेवा, रंग चादरीत आणि पडद्यात येऊ दे, मुलांची आवड दर वर्षी बदलते. पॅसेजला खिडकी नसते म्हणून लोक त्याला वेगळा भडक रंग देतात, मी हॉलचाच ओढून घेतो, घर तुटत नाही. सिलिंग सगळीकडे साधं पांढरं, बाथरूमच्या सिलिंगला बुरशी न धरणारा घ्या. बाल्कनीची आतली बाजू रंगवण्याआधी सोसायटीला विचारा, बऱ्याच ठिकाणी ती बाहेरची धरतात आणि शेड त्यांचाच लागतो.

फिनिशबद्दल अजून एक, हॉलमध्ये चकचकीतचा मोह धरू नका. रिसेल फ्लॅटच्या भिंती सरळ नसतात, पुट्टीच्या लाटा असतात, आणि शीन जितकी जास्त तितकी प्रत्येक लाट दिसते, त्यात तुमच्याकडे पश्चिमेचं तिरकं ऊन. मॅट ते झाकतं आणि टचअप पण मॅटवरच खपतो, शीनवर टचअप केलेला चौकोन दुसऱ्या दिवशी दुरून दिसतो.

खर्चाचं. भिंती आणि सिलिंग मिळून कार्पेट एरियाच्या साधारण तीन ते साडेतीन पट धरतात, म्हणजे ६०० कार्पेटला १८०० ते २१०० स्क्वेअर फूट. चांगला इमल्शन नीट केलेल्या भिंतीवर दोन कोटात लिटरमागे १०० ते १४० फूट जातो. आता प्रत्येक खोलीला वेगळा रंग घेतलात की छोटे छोटे डबे, लिटरमागे महाग, प्रत्येकातला पाव डबा उरणार, आणि टिंट केलेला कलर दुकानदार परत घेत नाही. तुमच्या घराला सिलिंगचा पांढरा सोडून तीन रंग पुरे आहेत: मातकट ग्रे हॉल आणि पॅसेजला, बदामी उत्तरेच्या बेडरूमला, पिस्ता पूर्वेला. बदामी फिकट निवडलात तर किचनलाही तोच शेड सॅटिनमध्ये काढून घ्या. एका खोलीला दोन डबे लागणार असतील तर दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग लावायला सांगा, एकाच नंबरचे दोन डबे पण अर्धा टक्का इकडेतिकडे होतात आणि ते नेमकं भिंतीच्या मध्यावर दिसतं.

राहिली दिवाळीची घाई, आणि इथे मी तुमच्या पेंटरशी सहमत नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत चार महिने झोडपून निघते. तुमचा हॉल पश्चिमेला, भिंत पाणी पिऊन बसलेली असणार. ऑक्टोबरमध्ये वरून कोरडी वाटते, आत ओल असते, त्यावर पुट्टी आणि दोन कोट चढवले की होळीपर्यंत पोपडे, नाहीतर पांढरा खार फुटतो, आणि मग रंगाच्या नावाने बोंब. भिंतीवर जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. मागे दव जमलं किंवा भिंत काळपट झाली तर अजून वेळ आहे. ओल बाहेरच्या भेगेतून येतेय का वरच्यांच्या बाथरूममधून ते आधी शोधा, ते बंद केल्याशिवाय आतून कितीही महाग वॉटरप्रूफ मारलंत तरी पैसे पाण्यात. दिवाळीच्या आत करायचंच असेल तर पूर्वेची खोली आणि किचन उरका, हॉल डिसेंबर-जानेवारीत घ्या, तेव्हा भिंती कोरड्या असतात, पेंटरला कामं कमी असतात आणि रेट पण बोलता येतो.

काम झाल्यावर प्रत्येक डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यावर शेड कोड, बेस आणि बॅच सगळं असतं. उरलेला कलर मोठ्या डब्यात ठेवू नका, हवेने साय धरते, छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरा, वर खोलीचं नाव लिहा आणि माळ्यावर टाका, पहिला टचअप लागेल स्विचबोर्डच्या बाजूला.